सिन्योरा थांबायला शिकली

आमच्या गॅरेजमध्ये काहीही उघडून परत बसवलं की शेवटी एखादा नट उरतोच. काका तो उचलतो, उजेडात धरून बघतो, बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकतो आणि म्हणतो, "कंपनीन एक जास्ती घातलेलो!" डबा आता असा भरलाय की त्यातून एक अख्खी गाडी उभी राहील.

माझंही तसंच झालंय. पेडण्याच्या त्या गॅरेजमधली कुठलीही गोष्ट सरळ सांगून मोकळं व्हावं म्हटलं तर एक किस्सा हातात उरतोच. तेव्हा आज डबाच उपडा करते.

* * *

सिन्योरा ही काकाची गाडी. काळी, गोल पाठीची, गोवा मुक्तीच्या आधी बोटीतून आलेली. काकाने तिच्यावर पेडणे-म्हापसा टॅक्सी मारली, नवऱ्या मुली सासरी पोचवल्या, आणि दर चवथीला चित्रशाळेतून आमचा गणपतीही तिच्यातूनच घरी आणला.

त्या मे महिन्यात तिने पहिल्यांदा दगा दिला. काका तिला अंगणात आणत होता. ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल थेट तळाला! सिन्योरा काही वेगात नव्हती. ती सावकाश, अगदी खानदानी चालीने, काकीने वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवरून गेली, तुळशीला वळसा घातला आणि गवताच्या उडवीत अर्धी शिरून थांबली.

आम्ही धावलो. काका दार ढकलून बाहेर आला. डोक्यावर गवत, मिशीत गवत. म्हणाला, "इंजिन एकदम बरां आसा!"

काकीने चिरडलेली सोलं सुपात गोळा केली. आवाज न चढवता म्हणाली, "चवथीपर्यंत ही थांबूक शिकली तर शिकली. नाय तर भंगारवाल्याकडे कायमची थांबतली."

काकी ओरडते तेव्हा काका पेपर वाचतो. काकी हळू बोलते तेव्हा मात्र तो घाबरतो. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यातच त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने गाडी हाकायची नाही म्हणून बजावलं. मग गॅरेजच्या बाकड्यावर त्याने जाहीर केलं, "जो हिका थांबयतलो, तोच चवथीक हिका हाकतलो."

"थांबयतली आणि हाकतली," मी म्हटलं.

मी बी.एस्सी., फिजिक्स. म्हापशाच्या कॉलेजातून. नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नव्हती आणि हात रिकामे होते. काका हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय!

* * *

आता बाकड्यावरची मंडळी सांगायला हवीत, कारण सगळ्या आजाराचं मूळ तेच बाकडं.

एक दत्ताराम भाऊ. डिचोलीच्या खाणींवर जन्मभर ट्रक हाकला, आता निवृत्त. त्याच्या मते जगातली प्रत्येक वस्तू ट्रकच असते, फक्त लहान-मोठी. दुसरा सगुण मामा, काकीचा धाकटा भाऊ. मूळचा तेरेखोल नदीच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला. देवळात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात. आवाज असा, की अलीकडच्या काठावर शिंकला तर पलीकडच्या काठावरचे लोक "शंभर वर्षां जग" म्हणतील.

मी गाडीखाली शिरून बघितलं. पेडलच्या मागे, फळीखाली, वीतभर लांब लोखंडी डबा असतो, तो मास्टर सिलिंडर. पाय दाबला की त्याच्यातला पिस्टन पुढे सरकतो, तेल ढकलतो आणि तेल चारही चाकांचे ब्रेक आवळतं. आत रबराच्या वाट्या असतात, त्या तेलाला मागे येऊ देत नाहीत. वाट्या गेल्या की तुम्ही नुसता पाय मारत बसा!

"मास्टर सिलिंडर गेलाय," मी खालून ओरडले. "उघडून नवा करायला हवा."

"ब्रेक कशाक होयो?" दत्ताराम भाऊ बाकड्यावरून. "गिअर आसा. मी खाणीवरसून भरलेलो ट्रक नुसत्या गिअरान उतरयतसंय."

"भाऊ, तुमचा ट्रक कुठे थांबायचा?"

"जेटीर."

"आणि जेटी नसती तर?"

भाऊने बाकड्यावर मांडी ठोकली. मग म्हणाला, "जेटी आसतालीच. सरकारान बांधलेली."

* * *

सिलिंडर टेबलावर आला. मी काकाला सांगितलं, "आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. टोकाची रिंग काढताना पिस्टनवर अंगठा ठेव, नाहीतर उडेल."

"माका शिकयतंय?" काका म्हणाला. "तू जल्मलंय तेव्हा मी—"

टण्! रिंग निघाली आणि पिस्टन गेला. कुठे गेला ते कुणालाच दिसलं नाही. नळे उचलले, टायर हलवले, कोंबड्यांची खुराडी तपासली. दत्ताराम भाऊने सगळ्यांना आहे तिथेच उभं राहायला लावलं, जसा काही पिस्टन आमच्यापैकी एकाने खिशात घातला होता. सबंध सकाळ गेली. मी डोक्याला हात लावून बसले. या गाडीचा पिस्टन आता कुठे मिळणार? चवथ तर तोंडावर.

दुपारी सगुण मामा वैतागून घरी निघाला. बस स्टँडवर पावसाची सर आली, मामाने छत्री उघडली आणि छत्रीतून पिस्टन थेट टाळक्यावर! छत्री गॅरेजच्या खुंटीला उलटी टांगलेली होती.

भिजत, कपाळ चोळत मामा परत आला. पिस्टन टेबलावर ठेवला आणि काकाला म्हणाला, "ह्या तुझा सामान. माझो कसलो नेम धरलेलो?"

* * *

आतलं तेल बघून मात्र मी चक्रावले. घट्ट, मधासारखं, आणि वास? वास ओळखीचा होता, पण इथे नसायला हवा होता.

"काका, ह्यात काय घातलंयस?"

काका छताकडे बघायला लागला. मग कबूल झाला. मुक्तीच्या आधी भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली होती, ब्रेकचं तेल मिळत नव्हतं. तेव्हा सगळे मेकॅनिक एरंडेल आणि काजूची फेणी मिसळून घालायचे. गाड्या थांबायच्या. "पुढे खऱ्या तेलाचो डबो मिळाक लागलो," काका म्हणाला, "पण हिका सवय झालेली."

मला हसू आलं, आणि रागही आला, कारण शास्त्राप्रमाणे ते चुकीचं नव्हतं. एरंडेल आणि अल्कोहोल! जुनी ब्रेक-तेलं तशीच असत. पण वर्षानुवर्षं तेच? रबराचा लगदा झाला होता, आतल्या भिंतीवर गंजाचे डाग.

"आता हे सगळं स्पिरिटने धुवायचं," मी म्हटलं. "पेट्रोल नाही, रॉकेल नाही. रबर खराब होतं."

"स्पिरिट कशाक? फेणी आसा ना!" तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. काजूच्या दिवसांत भरून ठेवलेली बाटली आली. मी वाटीभर घेतली, सिलिंडर आतून-बाहेरून धुतला, काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून गंज घासला, पुन्हा धुतला. चकचकीत झाला! मग बाटलीकडे हात गेला, तर बाटली तळाला!

"मी वाटीभर घेतली होती," मी म्हटलं. "बाकीची?"

बाकडं पाऊस बघायला लागलं. बाहेर श्रावण धो धो कोसळत होता, पत्रे तडतडत होते.

शेवटी दत्ताराम भाऊ माझ्यावर तांबारलेले डोळे रोखून म्हणाला, "बाष्पीभवन. तुमच्या फिजिक्सात नसता?"

* * *

रबराच्या वाट्या आणायला मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले. जुना सिलिंडर पेपरात गुंडाळून मांडीवर. निघताना काका म्हणाला, "माप घेवक नको. माझ्या आंगठ्याएवढो आसा, आंगठो घेवन जा."

"तो तुझ्या हातालाच राहू दे," मी म्हटलं आणि सिलिंडरचं आतलं माप व्हर्नियरने काढून सोबत नेलं. पाऊण इंच.

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग कोणी पुरुष माणूस दिसतोय का म्हणून माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"बाय, घरातलो कोण बाप्यो आयलो ना?"

"नाही."

"मास्टर सिलिंडर म्हटल्यार… गॅसचो न्हय मगो?"

"गॅसचा घरी आहे," मी म्हटलं. "त्याच्यावर चहा करून पाजेन तुम्हाला. आधी पाऊण इंची रबर किट दाखवा."

सिन्योराचं किट कुठेच नव्हतं. कंपनीनेच तिला केव्हाची विसरून टाकलेली. पण पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच! एका जुन्या देशी गाडीच्या किटमध्ये नेमक्या त्याच मापाच्या वाट्या निघाल्या. दुकानातच सिलिंडरमध्ये घालून बघितल्या. बरोब्बर! दुकानदार तोपर्यंत इतका गुंतला होता की त्याने स्टुलावर चढून तसलंच आणखी एक किट हुडकून काढलं. "दोन व्हर बाय," म्हणाला. "घरात जाणटे आसात म्हणून सांगता."

जाणटे म्हणजे म्हातारे; बाकड्याची गोष्ट मी बोलता बोलता त्याला सांगून बसले होते. शहाणा माणूस. त्याचं म्हणणं मला पुढे पटायचं होतं.

घरी येऊन मी विजयी मुद्रेने वाटी काकाच्या हातात ठेवली. त्याने ती अंगठ्याच्या टोकाला लावून बघितली आणि बाकड्याकडे वळला.

"बघ! सांगलेलंय मी. आंगठ्याएवढोच!"

* * *

जेवायला गेले तेवढाच वेळ. परत येते तर दत्ताराम भाऊ नव्या वाट्यांना प्रेमाने ग्रीस फासत बसलेला!

"भाऊ!"

"सुकी बसयतालंय? ट्रकाक आमी—"

"हा ट्रक नाही! ब्रेकच्या रबराला ग्रीस चालत नाही, फुगतं ते!"

"काय्येक जायना," भाऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी वाट्या फुगून सिलिंडरच्या तोंडावरच अडल्या. उडदाचे वडे तळलेत जणू.

तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद करून ऐकलं. मग मी खडू घेतला आणि गॅरेजच्या जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेषा ओढली. "टेबल रेषेच्या आत. तुम्ही तिघं बाहेर. पाय आत आला तर मी काम सोडणार, आणि मग काकीला तुम्हीच सांगा!"

काकीचं नाव काढताच तिघं गरीब गाईसारखे बाहेर जाऊन बसले. मी दुसरं किट उघडलं, वाट्या ताज्या ब्रेक-तेलात बुडवल्या, हाताने एकेक सरकवल्या, स्प्रिंग, पिस्टन, रिंग. एकही नट उरला नाही! त्या गॅरेजच्या इतिहासात पहिल्यांदा. मी खुशीत चहाला गेले.

परत आले. तिघं टेबलाला टेकून सिलिंडर न्याहाळत उभे! खाली बघितलं. रेषा होती, त्यांच्या पायांपुढेच. फक्त ती रेषा आता टेबलाच्या पलीकडे गेली होती. माझी पुसून नवी ओढलेली.

"हे काय?"

सगुण मामा शांतपणे म्हणाला, "भरती इली."

* * *

सिलिंडर गाडीला चढला. आता शेवटचं काम, नळ्यांतली हवा काढायची. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर ब्रेक लागत नाही. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी वाकून छोटा नट सैल करायचा. हवा फुसफुसत निघाली की नट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. वेळ चुकली की हवा परत आत.

मी सीटवर, काका गाडीखाली. आणि वर पत्र्यावर असा पाऊस, की काकाचं "दाब" मला ऐकूच येईना. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तेल काकाच्या तोंडावर उडालं. डॉक्टरने जपायला सांगितलेला डोळा थोडक्यात वाचला.

"सगुणा," काका खालून केकाटला, "तू सांग तिका! तुझो आवाज जाता!"

मामा उभा राहिला. पण मामाला नुसतं "दाब" म्हणता येत नाही. घराण्याचा प्रश्न. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि पावसाच्या वरताण सूर लावला:

"बा देवा म्हाराजा! ह्या मागच्या डाव्या चाकात जी काय हवा-वारो, भूत-खेत, इडा-पिडा घुसली आसात, ती आल्या वाटेन भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकड्यावरून दत्ताराम भाऊ, गाडीखालून काका.

तो आवाज मात्र पाऊस चिरून आला. मी पेडल दाबलं. फुस्स! हवा निघाली.

"मामा, हे काय चाललंय?" मी खिडकीतून ओरडले. "हे फिजिक्स आहे! पास्कलचा नियम आहे!"

"तेका पण धरतंय," मामा म्हणाला. आणि पुढच्या खेपेला खरंच, "जो कोण पास्कल नावाचो जाणतो पुरुस आसात, तेनी आपलो नियम सांबाळून र्‍हावचा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाबलं.

चारही चाकं झाली. प्रत्येक चाकाचं किती वेळा, देव जाणे आणि पास्कल जाणे. "व्हय म्हाराजा" आलं की पाय खाली, काकाने गाडीचा पत्रा वाजवला की पाय वर. संध्याकाळी पेडल दगडासारखं घट्ट लागलं. काका गाडीखालून काळा होऊन बाहेर आला आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांना तेल लागलं. धुवायला चार दिवस गेले, पण असू दे.

त्या रात्री जेवायला बसलो होतो. समोरच्या देवळात कुणाचं तरी गाऱ्हाणं चाललं होतं. "व्हय म्हाराजा!" ऐकू आलं आणि माझा उजवा पाय जेवणाच्या टेबलाखाली सटकन् दाबला गेला, नेमका मांजराच्या शेपटीवर.

मांजर जे किंचाळलं, ते अजून त्या खोलीत येत नाही.

* * *

चवथीच्या आदल्या दिवशी दत्ताराम भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केस चोपडून हजर झाला.

"चावी दी."

"कसली चावी?"

"गणपती हाडूक बाप्यो मनीस होयो. तू मागे बस. ताशे वाजय."

मी काकाकडे बघितलं. काका चपला शोधायला लागला. पायात होत्या! रबर मी आणलं, गंज मी घासला, शब्द काकाने दिला, आणि आता चावी भाऊला? एवढ्यात गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीची फळं बांधायचं सोडून काकी हात पुसत बाहेर आली.

"भाऊ, गणपतीक मळापासून घडयल्यान कोणी?"

"गौरीन."

"ती बाप्यो?"

भाऊने इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

काकीने चावी माझ्या हातावर ठेवली. आणि पुन्हा तोच हळू आवाज. "नीट ये. आज ही थांबली तर घरची. नाय तर चवथ सरली काय भंगारवालो येता तिका न्हेवक." काकाने ते ऐकलं. सिन्योराच्या बॉनेटवरून त्याने एकदा हात फिरवला आणि माझ्या शेजारी बसला.

* * *

चित्रशाळेपर्यंत चढ. गेलो छान. गणपती काकाच्या मांडीवर, तोंडावर रुमाल. मागे दत्ताराम भाऊ आणि सगुण मामा. परतीला तोच रस्ता, म्हणजे आता उतार. एका बाजूला काजूची बाग, दुसऱ्या बाजूला भाताचे मळे, आणि मध्ये ते वळण, जिथे पलीकडचं काही दिसत नाही.

मी मजेत होते. पेडल अधूनमधून हलकं दाबून बघत होते, लागत होतं. खिडकीतून वारा.

"सावकाश," काका म्हणाला.

"सावकाशच आहे."

"गिअरार घाल!" मागून दत्ताराम भाऊ. जन्मभर नुसत्या गिअरवर ट्रक उतरवणारा माणूस माझ्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसला होता. "वळाण इलां! वळाण!"

"दिसतंय मला! तुम्ही तिघं गप्प बसाल का जरा?"

तिघं गप्प बसतील? सगुण मामाचा धीर सुटला आणि त्याने आपलं घराण्याचं हत्यार काढलं.

"बा देवा म्हाराजा! तू पुढे बसलंस, आमी मागे बसलंव, मधी ह्या पोरीचो पाय आसा! जी काय आडवी-तिडवी इडा-पिडा वाटेत उबी आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका आणि भाऊ, जिवाच्या आकांताने.

सटकन्!

चारही चाकं एकदम आवळली गेली. सिन्योरा वळणाच्या तोंडावर, भर उतारावर, खिळल्यासारखी उभी! भाऊ मामावर, मामा सीटवर. काकाने गणपती पोटाशी असा कवटाळला होता की दोघांची पोटं कुठली ते कळत नव्हतं. रुमालसुद्धा हलला नव्हता.

"थांबयलंय कशाक?" काका ओरडला. "मोकळो रस्तो आसा!"

मी खाली बघितलं, उजवा पाय अजून पेडल दाबून धरलेला.

आणि वळणातून, रस्त्याच्या अगदी मधून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने पों पों वाजवत, पाववाला पोदेर सायकलवरून आला. मागे पावांची भली मोठी टोपली. सिन्योराच्या नाकापासून हातभर अंतरावर त्याने पाय टेकला. आमच्या चौघांच्या पांढऱ्या चेहऱ्यांकडे बघितलं, गणपतीला नमस्कार केला.

मग टोपलीतल्या गोल पावांकडे बोट करून, "उंडे दिवं?" म्हणाला.

घरी पोचलो. सिन्योरा तुळशीपुढे आली, मी पाय ठेवला, ती उभी राहिली. काकी निरांजन घेऊन दारात. तिने गणपतीला ओवाळलं, मग चाकांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"काय रे सगुणा?" तिने भावाला विचारलं. "ब्रेक लागता?"

मामाने कपाळावरचा घाम पुसला.

"लागता गो आक्का," म्हणाला. "फकस्त दर खेपेक गाऱ्हाणा घालूचा लागता."